धोबी तलावचा धर्मग्राम आणि गोमंतकीयांच्या कुडी

परक्या शहरात रोजगारासाठी आलेला, तिथली भाषा पुरती न येणारा आणि बहुधा कुटुंबाला गावीच ठेवून आलेला कॅथलिक कामगार ज्या वस्तीत स्थिरावतो, त्या वस्तीतील चर्चवर उपासनेखेरीज इतर अनेक कामांचा भार येऊन पडतो. तिथे पत्रे वाचून दाखवली जातात, नोकरीसाठी शिफारस मिळते, आजाऱ्याची चौकशी होते आणि बेवारस मरणाऱ्याला खांदा मिळतो. अमेरिकेच्या मोठ्या शहरांत हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, मध्य अमेरिका अशा स्पॅनिशभाषक मुलखांतून आलेल्या लोकांच्या वस्त्यांमध्ये कॅथलिक चर्चने केलेल्या लोकसेवेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी मुलखात त्याच्या सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईत सापडते. धोबी तलाव, सोनापूर, कॅव्हेल आणि डाबूल या एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आलेल्या कोकणीभाषक कॅथलिकांनी आपला जम बसवला आणि तिथल्या धर्मग्रामांना, म्हणजे एका चर्चच्या व एका प्रमुख धर्मगुरूच्या देखरेखीखाली येणाऱ्या भाविकांच्या वस्तीला, जे रूप दिले त्याचा इतिहास मुंबईच्या सामाजिक इतिहासात अजून योग्य त्या मानाने नोंदला गेलेला नाही. या धर्मग्रामांतील लोकसेवेची उभारणी प्रामुख्याने धर्मगुरूंनी केली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु तिचा पाया त्या आधी, भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहणाऱ्या खलाशांनी, आचाऱ्यांनी आणि वादकांनी घातला होता, हे या इतिहासाचे खरे मर्म आहे.

मराठी प्रदेशात आणि मराठी सत्तांच्या छायेत कॅथलिक समाज तीन निरनिराळ्या वाटांनी रुजला. वसई आणि साष्टी बेटाच्या परिसरात तो पोर्तुगीज राजवटीत जुन्या शेतकरी, बागायतदार व कोळी गावांतून घडला, आणि त्याची भाषा व जमीन दोन्ही तिथलीच राहिली. दुसरी वाट दरबाराची आणि फौजेची होती, व तिचे ठळक उदाहरण ग्वाल्हेर हे आहे. नेपल्सकडचा मिशेल फिलोज महादजी शिंद्यांच्या काळात द बॉयन याच्या कंपूत, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींच्या दळात, आला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नाना फडणीसांना कैद झाली, तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेची हमी याच फिलोजने दिली होती, आणि त्या वचनभंगामुळे मराठ्यांच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे डागाळले. त्याचा मुलगा जाँ बाप्तिस्त पुढे अनेक वर्षे शिंद्यांचा सेनापती होता आणि त्याच घराण्यातील सर मायकेल फिलोज यांच्या आराखड्यानुसार १८७४ मध्ये ग्वाल्हेरचा जयविलास महाल पूर्ण झाला. लष्कर भागातील हे कॅथलिक जीवन सरदारी इतमामाचे होते. ते राजाश्रयावर उभे होते आणि राजाश्रयाच्या मर्यादेतच वाढले. तिसरी वाट शहरी स्थलांतराची, ज्यांच्यामागे जहागीर नव्हती आणि नव्या ठिकाणी जमीनही नव्हती अशा माणसांची, आणि ती मुंबईत येऊन मिळाली.

गोवेकर येण्यापूर्वीही या भागात कॅथलिक वस्ती होती. कॅव्हेल हे मूळचे मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे खेडे, आणि त्यांची धार्मिक व्यवस्था फ्रान्सिस्कन संघाच्या, म्हणजे संत फ्रान्सिसच्या नावाने चालणाऱ्या पोर्तुगीज संन्याशांच्या हाती होती. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले आणि १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा गेला, तेव्हा इथल्या कॅथलिकांना धर्मपालनाची मोकळीक देण्याचे इंग्रजांनी मान्य केले होते. तरीही १७२० मध्ये पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटावरून घालवून देऊन कंपनी सरकारने त्यांच्या जागी कार्मेलाइट संघाच्या इटालियन धर्मगुरूंना बोलावले. किल्ल्यासमोरच्या मैदानावर ‘नोस्सा सेन्योरा द एस्पेरान्सा’, म्हणजे आशामाऊलीचे, जुने चर्च उभे होते. तोफांच्या माऱ्याला आड येते या लष्करी कारणासाठी ते १७६० मध्ये पाडण्यात आले आणि भुलेश्वरजवळ कॅव्हेलच्या वस्तीत नव्याने बांधले गेले. शत्रू किल्ल्यावर चालून आला तर समोरची मोकळी जागा लागेल, या लष्करी हिशेबात एक भरलेली वस्ती आपल्या देवळासह सरकवली गेली, आणि तेव्हापासून कॅव्हेल हे शहरातील कॅथलिक जीवनाचे एक केंद्र बनले.

या चर्चांवर अधिकार कोणाचा, हा वाद शतकाहून अधिक काळ चालला. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चे सांभाळण्याचा व त्यांवर धर्माधिकारी सुचवण्याचा जो हक्क पोपकडून मिळाला होता त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत, आणि रोममधील धर्मप्रचार मंडळाच्या थेट नियंत्रणाखालील व्यवस्थेला ‘प्रोपागांदा’ म्हणत. १७८९ मध्ये मुंबईची चर्चे गोव्याच्या आर्चबिशपकडे गेली, १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाइटांकडे आली आणि १७९४ मध्ये दोन्ही पक्षांत दोन-दोन चर्चे वाटून देऊन तडजोड करण्यात आली. एकाच गल्लीतील दोन शेजाऱ्यांनी दोन वेगळ्या बिशपांची आज्ञा पाळावी अशी स्थिती त्यातून आली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चवरून हा वाद इतका चिघळला की प्रोपागांदा पक्षाचे बिशप आनास्तासियुस हार्टमन हे चर्चमध्ये कोंडून घेऊन बसले आणि विरोधी पक्षाने बाहेरून वेढा दिला. ही दुहेरी सत्ता १९२८ मध्येच संपली. धर्माधिकाऱ्यांच्या या दीर्घ भांडणाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही: वरची सत्ता अनिश्चित असल्यामुळे सामान्य भाविकांना आपले आपण संघटित होण्याची सवय लागली, आणि चर्चचा कारभार म्हणजे केवळ धर्मगुरूंचा कारभार नव्हे, ही जाणीव मुंबईच्या कॅथलिकांत लवकर रुजली.

गोव्याहून मुंबईकडे वाहणारा माणसांचा ओघ एकोणिसाव्या शतकात वाढत गेला. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ पासून १८१३ पर्यंत, गोव्यात इंग्रज फौजेचे ठाणे होते. त्या वर्षांत इंग्रजांच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाशी आणि बँडमध्ये काम करण्याचा अनुभव अनेक गोमंतकीयांनी घेतला आणि पुढे तोच त्यांना परमुलखात उपयोगी पडला. गोव्यात उद्योग नव्हते, जमीन थोड्यांच्या हाती होती आणि १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मिठाच्या धंद्यावर जी बंधने आली त्यांनी किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न तोडले. त्याच कराराने ज्या रेल्वेचा मार्ग मोकळा केला ती मुरगाव बंदराला ब्रिटिश मुलखाशी जोडणारी गाडी आणि कोकण किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटी यांनी मुंबई जवळ आणली. मुंबईत आलेल्यांमध्ये गोव्यातील साष्टी आणि बार्देश या तालुक्यांतील लोक अधिक होते. कोणी मोठ्या जहाजकंपन्यांच्या बोटींवर आचारी व स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांची जेवणखाण व खोल्यांची व्यवस्था पाहणारा नोकर, म्हणून लागले. कोणी साहेबांच्या बंगल्यावर बटलर झाले, कोणी शिंपी, बेकरीवाले, कारकून किंवा वादक झाले, आणि स्त्रिया आया म्हणून घराघरांत राबू लागल्या.

या लोकांनी शहरात राहण्यासाठी जी व्यवस्था निर्माण केली तिचे नाव कूड. कोकणीत कूड म्हणजे खोली, पण मुंबईत त्या शब्दाने एका गावाच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली, नियमांनी बांधलेली आणि सभासदांनीच चालवलेली वसतिसंस्था ओळखली जाऊ लागली. कागदोपत्री तिला त्या गावाचा ‘क्लब’ म्हणत. धोबी तलावावरील जेर महाल ही इमारत अशा कुडींसाठी विशेष प्रसिद्ध आहे, आणि त्याखेरीज डाबूल, सोनापूर, माझगाव व गोदीच्या परिसरात त्या पसरल्या होत्या. कुडीत स्वतंत्र पलंग किंवा खोली मिळत नसे. भिंतीकडेने सभासदांच्या लोखंडी किंवा लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या असत, आणि ज्याची पेटी जिथे त्याचे अंथरूण रात्री तिथेच पडे. महिन्याची वर्गणी अगदी अल्प असे. ती भरत राहिले की बोटीवर महिनोन्‌महिने गेलेल्या खलाशाचा कुडीवरचा हक्क कायम राही, आणि सफर संपवून परतल्यावर पुढची नोकरी मिळेपर्यंत त्याला डोक्यावर छप्पर असे. कंपनीने उतरवून दिलेला माणूस शहरात निराधार होऊ नये, एवढी एकच गरज कुडीने इतक्या काटेकोरपणे भागवली की त्या काळातील कोणत्याही सरकारी किंवा कंपनीच्या सोयीशी तिची तुलना करता येत नाही.

कुडीच्या मधोमध किंवा समोरच्या भिंतीशी गावाच्या आश्रयदात्या संताची वेदी असे. ज्या संताचे चर्च गावात होते त्याचीच मूर्ती किंवा तसबीर शहरातल्या या खोलीत विराजमान होई, तिच्यापुढे मेणबत्त्या व फुले असत आणि संध्याकाळी सर्वांनी गुडघे टेकून ‘तेर्स’ म्हणावा असा दंडक होता. तेर्स म्हणजे रोझरी, मरियमाईच्या नावाने जपमाळेवर म्हटली जाणारी प्रार्थनामालिका; ती चुकवणाऱ्याला दंड करण्याची पद्धतही अनेक कुडींत होती. जुगार आणि दारू पिऊन दंगा यांवर बंदी असे. नियमांची वही, जमाखर्चाची वही आणि सभासदांची यादी अध्यक्ष, खजिनदार व चिटणीस सांभाळत, आणि वार्षिक सभेत हिशेब सर्वांपुढे मांडला जाई. त्यातील लेखन बहुधा रोमन लिपीतील कोकणीत होई. गोव्यातल्या गावकारीला, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा व उत्पन्नाचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेला, आणि तिथल्या ‘कोंफ्रारिया’ला, म्हणजे चर्चशी संलग्न असलेल्या भाविक-मंडळाला, सभा, हिशेब आणि पाळीपाळीने पदभार यांची शतकांची परंपरा होती, आणि कूड ही त्या परंपरेची शहरातील शाखा होती. म्हणूनच अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसांनीही ती इतक्या शिस्तीने चालवली.

कुडीच्या निधीतून होणारी कामे पाहिली की धर्मग्रामाच्या लोकसेवेची मुळे कुठे होती ते कळते. आजारी सभासदाला औषधपाण्यासाठी मदत मिळे, बेकाराला काही काळ वर्गणीची सवलत मिळे, निरक्षराचे पत्र लिहून दिले जाई आणि गावाकडे पैसे पोचवण्याची विश्वासू सोय होई. शहरात कोणी मरण पावले तर सोनापूरसारख्या ठिकाणी ख्रिस्ती विधीने दफन होईल, मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधी, अर्पिला जाईल आणि पेटीतल्या चीजवस्तू घरच्यांपर्यंत पोचतील याची हमी कूड घेत असे. एकट्या पुरुषाला परगावी मरणाचे जे भय असते ते या हमीने कमी झाले. नोकरी लावून देण्यात तर कुडीची भूमिका निर्णायक होती, कारण जहाजकंपन्यांची भरती ओळखीवर चाले आणि एका बोटीवर एका गावचे बरेच लोक आढळत. गावाकडे नवे चर्च, घंटा, रस्ता किंवा शाळा करायची असली तर मुंबईच्या कुडीतून वर्गणी जाई. वर्षातून एकदा गावच्या संताचे ‘फेस्त’, म्हणजे वार्षिक सण, मुंबईतही साजरे होई. त्या दिवशी सभासद नवे कपडे घालून जवळच्या चर्चमध्ये गाऊन म्हटल्या जाणाऱ्या मिस्साला जात, बँड वाजे आणि कुडीत जेवण होई.

चर्चने या आयत्या संघटनेचा उपयोग करून घेतला आणि तिला आधारही दिला, याचे श्रेय तिथल्या धर्मगुरूंना अवश्य द्यावे लागते. सोनापूरचे दुःखीमातेचे चर्च आणि डाबूलचे संत फ्रान्सिस झेवियरचे चर्च ही गोमंतकीयांची मुख्य ठिकाणे झाली. तिथे कोकणीतून प्रवचन होई, कोकणीतून पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू मिळे आणि धर्मग्रामाच्या शाळेत खलाशाच्या मुलाला इंग्रजी शिकता येई. पापनिवेदन, म्हणजे आपल्या चुका धर्मगुरूपुढे गुप्तपणे कबूल करण्याचा संस्कार, मातृभाषेखेरीज करता येत नाही, आणि लॅटिनमध्ये चालणाऱ्या त्या काळच्या उपासनेत स्थलांतरिताला आपली भाषा ऐकू येण्याच्या मोजक्या जागांपैकी ती एक होती. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेदेरिक ओझानाम यांनी स्थापलेली संत व्हिन्सेंट द पॉल संस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात पोचली आणि हळूहळू धर्मग्रामांच्या जीवनाचा भाग बनली. तिचे सभासद दोघा-दोघांनी गरीब घरांना भेट देत, धान्य व फीची मदत करीत आणि मदत घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवीत. ही पद्धत नवी असली तरी तिला लागणारी माणसे, म्हणजे नियमित वर्गणी देण्याची आणि हिशेब ठेवण्याची सवय असलेले सामान्य नोकरदार, धर्मग्रामात आधीच तयार होती.

या सर्व व्यवस्थेची सर्वांत कठीण परीक्षा १८९६ च्या प्लेगने घेतली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात पसरत असलेला ताप हा गाठीचा प्लेग आहे हे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. ते मूळचे बार्देशातील हडफडे गावचे, मुंबईत दवाखाना चालवणारे आणि महापालिकेचे सदस्य होते. पुढे ते त्या महापालिकेचे अध्यक्षही झाले. शहरातून लाखो लोक पळून गेले, सक्तीची तपासणी व विलगीकरण यांनी सर्व समाजांत रोष पसरला, आणि दाट वस्तीच्या खोल्यांवर, ज्यात कुडीही होत्या, साथीचा घाला अधिक बसणे अटळ होते. गिरगाव, माझगाव, वांद्रे अशा कॅथलिक वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारून त्यांच्यापुढे सामुदायिक प्रार्थना होऊ लागल्या. मुंबईच्या जुन्या गावठाणांत आणि वाड्यांत आज दिसणारे अनेक क्रूस त्या काळातले आहेत. चर्चमध्ये गर्दी करणे धोक्याचे झाले होते, म्हणून उपासनाच गल्लीत आली. तिथे शेजारी एकमेकांची खबर घेऊ लागले, कोण आजारी आहे आणि कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे तिथेच कळू लागले, आणि क्रूसाभोवतीची ही शेजारसभा साथ ओसरल्यावरही टिकून राहिली. या साथीचे निदान करणाऱ्या डॉ. व्हिएगस यांचा पुतळा धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर आहे.

लोकसेवेचा विचार अन्न, औषध आणि दफन यांपाशी थांबवला तर या वस्तीवर अन्याय होईल, कारण भाषा आणि रंगभूमी यांचे रक्षण हीदेखील इथली एक मोठी सेवाच होती. ख्रिस्ती कोकणी रंगभूमीचा, म्हणजे ‘तियात्र’ या गीतमिश्रित नाट्यप्रकाराचा, पहिला प्रयोग गोव्यात झाला नाही. तो १७ एप्रिल १८९२ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला. लुकाझिन रिबेरो आणि जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सादर झालेल्या त्या नाटकाचे नाव ‘इटालियन भुरगो’ होते. फर्नांडिस यांनी १८९५ मध्ये लिहिलेल्या ‘कॅव्हेलची सुंदरी’ या तियात्रात या वस्तीचे नावच शीर्षकात आले. त्यांच्या पत्नी रेजिना फर्नांडिस १९०४ मध्ये रंगमंचावर आल्या आणि तियात्रातील पहिली स्त्री नटी म्हणून त्यांची नोंद झाली. मराठी रंगभूमीवर त्या वेळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. गोव्यातील चर्चशाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवण्याची जुनी रीत होती, आणि त्या शाळांतून घडलेले वादक मुंबईत पोलीस बँडपासून मूकपटांच्या वाद्यवृंदापर्यंत सर्वत्र पोचले. हिंदी चित्रपटसंगीताला पाश्चात्त्य वाद्यमेळाची शिस्त देणारे अँथनी गोन्साल्विस हे गोव्याच्या साष्टीतील माजोर्ड्याचे होते. आठवडाभर स्टुडिओत किंवा हॉटेलात वाजवणारा माणूस रविवारी चर्चच्या गायनवृंदात बसे, आणि त्या गायनवृंदात बसूनच पुढची पिढी शिके.

या व्यवस्थेच्या मर्यादाही गंभीर होत्या आणि त्या झाकून ठेवणे योग्य नाही. कूड ही फक्त पुरुषांची होती. आया म्हणून एकट्या आलेल्या स्त्रियांना तिच्यात जागा नव्हती. त्यांना मालकाच्या घरी किंवा धर्मभगिनींच्या वसतिगृहांत आसरा शोधावा लागे, आणि नोकरी सुटली की त्यांचे हाल खलाशाहून अधिक होत. गोव्यातील कॅथलिकांत धर्मांतरानंतरही जात उरली होती. काही गावांत कोंफ्रारियांचे मानपान आणि फेस्त साजरे करण्याचे हक्क जातीनुसार वाटलेले असत, आणि त्या भांडणांची सावली शहरातही पडत असे. कॅव्हेलचे व गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या ठिकाणचे मूळ मराठीभाषक कॅथलिक आणि नवे गोवेकर यांच्यातही अंतर होते. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मूळ रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संघटना स्थापली, ती बऱ्याच अंशी पोर्तुगीज नावांच्या गोवेकरांपासून आपले वेगळेपण सरकारपुढे मांडण्यासाठी. एका धर्मग्रामात बसणारे लोक एक समाज होते असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते. वसईच्या मराठी कॅथलिकांत मात्र भाषा व भूमी एकच असल्यामुळे सहकाराला अधिक रुंद पाया मिळाला, आणि मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये तिथे सुरू झालेली बसीन कॅथलिक पतपेढी पुढे मोठी सहकारी बँक झाली. कुडींना आपल्या निधीतून तसे काही उभारता आले नाही, कारण प्रत्येक कूड आपल्या गावापुरतीच बांधलेली होती.

हिस्पॅनिक जगाशी असलेले साम्य या ठिकाणी उजळून दिसते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मेक्सिकन कामगारांनीही ‘मुतुआलिस्ता’ नावाच्या परस्पर-साहाय्य मंडळ्या स्थापल्या होत्या, ज्या आजारपण, दफन आणि बेकारी यांसाठी सभासदांच्या वर्गणीतून मदत करीत; १८९४ मध्ये ॲरिझोनातील टूसॉन येथे स्थापन झालेली ‘अलियान्सा इस्पानो-आमेरिकाना’ ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात १९७४ मध्ये एर्नेस्तो कोर्तेस यांनी तिथल्या मेक्सिकन धर्मग्रामांच्या आधाराने जी नागरी संघटना उभारली, तिने पावसाचे पाणी तुंबणाऱ्या दुर्लक्षित वस्त्यांसाठी नगरपालिकेकडून गटारे आणि रस्ते मिळवले. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागातील डोलोरेस मिशन या धर्मग्रामात १९८० च्या दशकात ग्रेग बॉइल या जेझुइट धर्मगुरूने टोळीयुद्धांत सापडलेल्या तरुणांसाठी शाळा व रोजगार सुरू केला. या सर्व ठिकाणी चर्चची ताकद वस्तीतल्या स्त्रीपुरुषांच्या पूर्वीच्या संघटनेतून आली होती.

मुंबई आणि स्पॅनिश जग यांचा प्रत्यक्ष संबंधही आहे. जेझुइट, म्हणजे संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापलेल्या येशूसंघाचे धर्मगुरू, मुंबईत १८५० च्या दशकापासून प्रामुख्याने जर्मन होते. धोबी तलावाजवळचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच १८६९ मध्ये सुरू केले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना काम सोडावे लागले आणि १९२० च्या दशकात त्यांची जागा स्पेनहून आलेल्या जेझुइटांनी घेतली. १९२२ मध्ये आलेले इतिहासकार फादर हेन्री हेरास त्यांपैकीच. १९५२ मध्ये आलेले बार्सेलोनाचे व्हिसेंते फेरेर यांनी मनमाडच्या परिसरात कोरडवाहू शेतकऱ्यांना विहिरी खणण्यासाठी धान्य व तेलाच्या रूपाने मदत देण्याचा उपक्रम चालवला. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश झाला तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, आणि पुढील वर्षी परतल्यावर त्यांनी आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात काम सुरू केले. स्पॅनिश धर्मगुरू मराठी शेतकऱ्यासाठी झटतो आणि मराठी शेतकरी त्याच्यासाठी मोर्चा काढतो, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

याहून महत्त्वाचा प्रभाव कल्पनेचा आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकभाषेत करण्यास मोकळीक दिली, आणि १९६८ मध्ये कोलंबियातील मेदेयिन येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी गरिबांच्या शेजारगटांना चर्चच्या रचनेचा पाया मानले. दहा-पंधरा घरांनी एकत्र बसून धर्मग्रंथ वाचावा आणि त्याच बैठकीत पाण्याचा नळ, शाळेची फी आणि शेजारच्या घरातील मारहाण यांवर विचार करावा, ही ती पद्धत. मुंबई धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्रात, १९८० च्या दशकात ‘लहान ख्रिस्ती समुदाय’ या नावाने ती सुरू झाली आणि बिशप बॉस्को पेन्हा यांनी तिला चालना दिली. तिच्याकडे परदेशातून आलेली नवी योजना म्हणून पाहिले गेले. पण सामूहिक प्रार्थना, सामूहिक निधी आणि शेजाऱ्याची जबाबदारी ही तिची तिन्ही अंगे कुडीत आणि प्लेगच्या क्रूसाभोवती आधीच होती. नव्या पद्धतीने एक जुनी उणीव मात्र खऱ्या अर्थाने भरून काढली: या गटांत स्त्रिया आल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्याच गटांच्या आधारस्तंभ बनल्या. १९५५ मध्ये धर्मभगिनींनी न्यू मरीन लाइन्सला सुरू केलेल्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणींनीही शहरातील वस्त्यांत हे काम पुढे नेले.

कुडींना उतरती कळा लागली ती १९६१ नंतर. गोवा मुक्त झाल्यावर स्थलांतराची कारणे बदलली, जहाजांवरची भरती घटली, आखाती देशांत नोकऱ्या मिळू लागल्या आणि कुटुंब करून राहणारे गोवेकर वांद्रे, मालाड व त्यापलीकडच्या उपनगरांत गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या दराने जागा टिकून राहिल्या, पण त्याच कायद्यामुळे मालकांनी इमारतींची डागडुजी सोडून दिली. तरीही आज बोटीवर जाण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व कागदपत्रांसाठी आलेला तरुण, टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेला गावकरी किंवा मुलाखतीला आलेला विद्यार्थी आपल्या गावच्या कुडीत उतरतो आणि संध्याकाळी तेर्साला बसतो.

या इमारती पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत आणि त्यांच्याबरोबर कुडींच्या सभासद-याद्या, इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या आणि नियमपुस्तिका नष्ट होण्याचा धोका खरा आहे. मुंबईतील श्रमिकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली इतकी सलग कागदपत्रे फार थोड्या समाजांकडे आहेत. मुंबई धर्मप्रांताचे अभिलेखागार, गोव्याचे पुराभिलेख खाते आणि मुंबई विद्यापीठाचा इतिहास विभाग यांनी एकत्र येऊन या वह्यांच्या प्रती काढाव्यात, आणि ज्या घरांत आजोबांच्या कुडीची पेटी अजून माळ्यावर आहे त्या घरांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी उघडून पाहावी.